अंतिम टप्प्यातली गोधडी

भाऊसाहेबांची कंबर धरली नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं. रविवारी सकाळी कंबर धरली, शेकायची रबरी पिशवी सापडेना, आणि बायको ड्यूटीवर गेलेली. फोन करून विचारावं, तर ऑपरेशनच्या वॉर्डात फोन कुणी उचलत नाही. शेवटी भाऊसाहेबांनी स्वतःच माळ्यावर चढायचं ठरवलं. (धरलेल्या कंबरेनं माळ्यावर चढायचं, तेही कंबर शेकायची पिशवी शोधायला, यात काहीतरी गडबड आहे हे त्यांच्या लक्षात आलं ते शिडीच्या चौथ्या पायरीवर. पण तोवर खाली उतरणं हे वर चढण्याइतकंच अवघड होऊन बसलं होतं.)

भाऊसाहेब नोंदणी कचेरीत हेडक्लार्क होते. कचेरीत त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत, आणि हळूहळू गल्लीतही तेच नाव पडलं. बायको मोठ्या नर्सबाई, म्हणून तिला सगळे सिस्टर म्हणत. शेजारी नव्यानं राहायला आलेल्या मंडळींनी हे भाऊ आणि या सिस्टर म्हणजे सख्खी भावंडं असणार अशी समजूत करून घेतली होती आणि दोघं एकमेकांना किती सांभाळून राहतात याचं दोन महिने कौतुक केलं होतं. समजूत दूर झाल्यावर कौतुकही थांबलं.

माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत पिशवी नव्हतीच. होती एक गोधडी. भाऊसाहेबांनी ती उलगडली आणि कंबर विसरले. आठ ओळी, प्रत्येक ओळीत सात चौकोन. लेकीचे लहानपणचे फ्रॉक, त्यांचे स्वतःचे विटलेले शर्ट, जुन्या घराचे पडदे, सिस्टरचा पहिल्या नोकरीतला निळा एप्रन, सगळं तुकड्यातुकड्यांनी तिथे होतं. चौकोन एकमेकांना जोडून झाले होते, खाली अस्तर लावलेलं होतं. पण धावदोरा पहिल्या चार ओळींवरच घातलेला होता. काय ते टाके. तांदळाच्या दाण्याएवढे, एकासारखा एक, कवायतीला उभे राहिल्यासारखे. चौथी ओळ संपता संपता दोरा थांबला होता आणि सुई तशीच कापडात टोचून ठेवलेली होती. तिच्याभोवती गंजाचा तांबूस डाग पडला होता. जवळच एका पिवळ्या चौकोनावर लाल पेन्सिलीची बारीकशी खूण होती. ती शिवणकामातली काहीतरी खूण असावी असं समजून भाऊसाहेबांनी सोडून दिलं.

अशी वस्तू पेटीत का पडून राहिली असेल, हा प्रश्न त्यांना पडला. पण उत्तर शोधण्यापेक्षा कामाला लागणारा माणूस तो. त्यातून दुसऱ्याच दिवशी वाचनालयाच्या फळ्यावर त्यांनी सूचना वाचली: हस्तकलेचं प्रदर्शन, एकोणीस दिवसांनी, प्रवेशिका देण्याची आज शेवटची तारीख. हे सगळं वाचून होईपर्यंत त्यांच्या हातात फॉर्म आला होता आणि खिशातून पेन बाहेर निघालं होतं. बायकोला चकित करावं, बस्स, एवढाच त्यांचा हेतू. फॉर्ममध्ये एक रकाना होता: 'कलाकृती पूर्ण आहे काय?' भाऊसाहेबांनी क्षणभर विचार केला आणि लिहिलं, 'अंतिम टप्प्यात'. (एकतीस वर्षांच्या नोकरीत एकाही फायलीबद्दल त्यांनी याहून वेगळं उत्तर दिलं नव्हतं, आणि एकाही साहेबानं पुढचा प्रश्न विचारला नव्हता.) ग्रंथपालबाईंनी शिक्का मारला आणि पोचपावती दिली.

संध्याकाळी त्यांनी ती पोचपावती टेबलावर सिस्टरसमोर ठेवली. सिस्टर मटार सोलत होती. तिनं वाचलं, मग गोधडीकडे पाहिलं. गोधडी भाऊसाहेबांनी सोफ्यावर अगदी प्रदर्शनात मांडतात तशी पसरून ठेवली होती. सिस्टर चकित तर झालीच, पण भाऊसाहेबांच्या डोक्यात होतं तसं नाही.

"कुणाला विचारून?" तिनं विचारलं.

भाऊसाहेब म्हणाले की विचारलं असतं तर त्यात मजा काय राहिली असती.

"मग आता तुम्हीच पूर्ण करा," ती म्हणाली आणि पुन्हा मटार सोलू लागली.

बायकोच्या बोलण्यातला सूर ओळखण्याची कला काही नवऱ्यांना उपजत असते, काहींना अनुभवानं येते. भाऊसाहेबांना दोन्ही मार्गांनी आली नव्हती. त्यांनी हे वाक्य म्हणजे मंजुरी असं समजून घेतलं. शिवाय शिवणं त्यांना नवं थोडंच होतं? कचेरीतल्या जाडजूड फायली दाभणानं शिवाव्यात तर भाऊसाहेबांनीच. त्यांनी मारलेली गाठ आजवर कुणाला सुटलेली नव्हती. एकदा कोर्टानं मागवलेली फाइल शेवटी करवतीनं उघडावी लागली होती, आणि ही गोष्ट ते अभिमानानं सांगत.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून आल्याबरोबर त्यांनी गंजलेली सुई काढली, नवी ओवली आणि पाचव्या ओळीला सुरुवात केली. पहिला टाका बोटाएवढा पडला. दुसरा त्याहून मोठा. तिसरा टाका कापडात कमी आणि अंगठ्यात जास्त गेला. तासाभरानं पाहिलं तर सिस्टरच्या चार ओळी म्हणजे छापील पुस्तकाचं पान, आणि पाचवी ओळ म्हणजे त्यावर कुणीतरी चालत्या गाडीत केलेली सही, असं दिसत होतं.

रात्रीच्या जेवणाआधी सिस्टरनं त्यांचा हात ओढून घेतला, तीन बोटं औषधानं पुसली आणि पट्ट्या बांधल्या. अगदी वॉर्डातल्या पेशंटला बांधाव्यात तशा, नेटक्या आणि अबोल. हे रोजचंच झालं. आठवडाभरात भाऊसाहेबांच्या दहातल्या सात बोटांना पट्ट्या होत्या. कचेरीत साहेबांनी काळजीनं विचारलं, तर ते म्हणाले की घरचं काम अंतिम टप्प्यात आहे.

लेकीचा दर आठवड्याला फोन यायचा. ती दुसऱ्या शहरात नोकरीला होती. भाऊसाहेबांनी तिला सगळी हकीकत सांगितली, वर हेही सांगितलं की तुझी आई बोलतच नाही, आणि एवढी सुंदर गोधडी तिनं का टाकून दिली देव जाणे.

लेकीनं विचारलं, "बाबा, तुम्हाला खरंच आठवत नाही?"

"काय?"

"तुम्ही फूटपट्टी आणली होतीत."

आणि मग आठवलं. चौदा वर्षं झाली असतील. सिस्टर रात्रपाळी करून आली होती आणि झोपायच्या आधी चार ओळी शिवून झालेली गोधडी पलंगावर पसरून म्हणाली होती, बघा बरं कशी झालीय. भाऊसाहेबांनी पाहिलं. छान, ते म्हणाले. मग त्यांना वाटलं की नुसतं छान म्हणणं पुरेसं नाही, लक्ष देऊन पाहिलं पाहिजे. म्हणून ते कचेरीतली स्टीलची फूटपट्टी घेऊन आले आणि एकेक चौकोन मोजू लागले. सत्तावीस चौकोन बरोबर निघाले. अठ्ठाविसावा, तो पिवळा, अर्ध्या इंचानं कमी निघाला. भाऊसाहेबांनी तो शोधून काढला याचा त्यांना कोण आनंद झाला होता. त्यांनी तिथे लाल पेन्सिलीनं खूण केली आणि ऑफिसात कारकुनांना सांगत त्याच आवाजात सांगितलं, एवढा दुरुस्त करून घे. सिस्टरनं सुई टोचून ठेवली, गोधडीची घडी घातली आणि झोपायला गेली. त्यानंतर ती घडी कुणी उलगडली नव्हती.

भाऊसाहेबांनी फोन ठेवला. माफी मागायला हवी होती, हे उघड होतं. पण मागायची कशी? आयुष्यभर त्यांनी पत्रांचे मसुदे केले होते, त्यामुळे मनात जी माफी तयार झाली ती 'उपरोक्त विषयास अनुसरून' अशी सुरू होत होती आणि 'योग्य ती कार्यवाही व्हावी' अशी संपत होती. ती त्यांनी रद्द केली. त्याऐवजी सुई घेतली आणि सहावी ओळ सुरू केली. टाके वाकडेच पडत होते, पण आता ते प्रत्येक टाका लहान पडावा म्हणून श्वास रोखून धरत. (दोनदा इतका वेळ रोखला की डोळ्यांसमोर काजवे चमकले.)

बाराव्या दिवशी सिस्टर त्यांच्या अंगठ्याला पट्टी बांधत असताना ते एकदम म्हणाले, "मी तेव्हा फूटपट्टी आणायला नको होती."

सिस्टरचा हात थांबला. "नको होती," ती म्हणाली. पट्टीची दोन वेटोळी घालून झाल्यावर पुन्हा म्हणाली, "आणि लाल पेन्सिल तर अजिबातच नको."

"मला कळलंच नाही, तू त्यामुळे..."

"त्या पिवळ्या कापडाचं काय होतं माहितीय? झबलं. हॉस्पिटलमधून आपण पोरीला घरी आणलं तेव्हाचं. त्यातून तेवढाच तुकडा निघाला." ती पट्टीचं टोक खोचत म्हणाली, "पोरगीच तेवढीशी होती. मी काय वाढवून लावणार?"

भाऊसाहेब उठून आत गेले आणि पेन्सिल खोडायचं रबर घेऊन आले. चौदा वर्षांपूर्वीची खूण रबरानं थोडीच जाते. ती फक्त पसरली आणि पिवळ्या चौकोनाला गुलाबी छटा आली. सिस्टरनं त्यांच्या हातातून रबर काढून घेतलं आणि म्हणाली, राहू द्या आता, आणखी मदत नको. पण त्या संध्याकाळी ती शेजारच्या खुर्चीत येऊन बसली. सुईला हात लावला नाही. नुसती बसली, आणि मधूनच म्हणाली, सुई तिरपी धरा.

तिरपी धरल्यावर खरंच सोपं गेलं. सातवी ओळ झाली, आठवी निम्मी झाली, आणि प्रदर्शनाच्या आदल्या दिवसाची सकाळ उजाडली. गोधडी दुपारी बाराच्या आत सभागृहात पोचवायची होती. भाऊसाहेबांनी रजा टाकली. सिस्टर सकाळच्या ड्यूटीवर गेली, जाताना सांगून गेली की घाई करू नका, खिडकीपाशी उजेडात बसा, आणि मांडीवर पाट ठेवून शिवा.

पाट काही सापडला नाही. भाऊसाहेब तसेच मांडीवर गोधडी घेऊन बसले. हात आता बसला होता. सुई सर्रकन जात होती. मध्ये कापड जरा जाड लागलं, तेव्हा त्यांनी नेट लावला आणि फायली शिवताना वापरत त्या ठेवणीतल्या गाठी मारल्या. साडेदहाला शेवटचा टाका घातला, दोरा दातानं तोडला, आणि एका कोपऱ्यात कडेचा वीतभर गोट लावायचा तेवढा राहिलाय हे पाहून समाधानानं उठले.

गोधडीही उठली.

ते ती बाजूला करायला गेले तर पायजमा ओढला गेला. वाकून पाहिलं. मांडीपासून कमरेपर्यंत, दीड वीत लांबीचे, अठरा दिवसांतले सगळ्यांत सरळ टाके त्यांनी गोधडी आणि पायजमा यांना मिळून घातले होते. पायजमा उतरवावा, तर शेवटचे टाके नाडीतून गेले होते आणि नाडीची गाठ गोधडीखाली पक्की झाली होती. कात्री आणली. पण कात्री लावायची कुठे? वरून पाहता सगळा दोरा एकसारखा. आणि याच गोधडीत आपण एकदा नको ते शहाणपण केलं आहे, हे आठवून त्यांनी कात्री खाली ठेवली, गोधडी अंगाभोवती गुंडाळली आणि दोन गल्ल्या ओलांडून हॉस्पिटलकडे निघाले. भर उन्हात. वाण्यानं दुकानातून विचारलं की थंडी वाजून ताप आलाय का. भाऊसाहेब हो म्हणाले. ते जास्त सोपं होतं.

हॉस्पिटलात एक शिकाऊ डॉक्टर समोर आली.

"काय होतंय?"

"टाके काढायचेत."

"कधी घातलेत?"

"आज सकाळी."

डॉक्टरनं मान वर केली. "कुठे घातले?"

"घरीच. मीच घातले."

"स्वतःला? भूल दिली होती का कुणी?"

"भूल नाही हो, चूक झाली," भाऊसाहेब म्हणाले. "सिस्टरना बोलवा म्हणजे झालं. त्यांना सांगा, भाऊसाहेब आलेत."

डॉक्टरनं कागदावर 'नातेवाईक : भाऊ' असं लिहिलं, कुणाला तरी खूण केली, आणि पुढच्या क्षणी भाऊसाहेब चाकांच्या खुर्चीत होते. खुर्ची इतक्या वेगानं वॉर्डात शिरली की तीन पेशंट उठून बसले. सिस्टर धावत आली. चेहरा उतरलेला. तिनं गोधडीचं टोक उचललं, खाली पाहिलं, नाडीपर्यंत पाहिलं, आणि मग ती जवळच्या स्टुलावर बसून हसायला लागली. भाऊसाहेबांनी तिला असं हसताना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. तोंडावर एप्रन धरून हसत होती. डोळ्यांतून पाणी. शिकाऊ डॉक्टरला काहीच कळेना, पण सिस्टर हसतेय म्हणजे पेशंट वाचणार, एवढं तिला कळलं.

पडदा ओढून सिस्टरनं बारीक कात्री आणि चिमटा घेतला. तीन टाके निघाले. चौथ्याला ती थांबली. या गाठी माणसाच्या हातानं सुटणाऱ्या नाहीत, ती म्हणाली, आणि सोडवत बसलं तर संध्याकाळ होईल. मग तिनं पायजम्याचा तेवढा भागच चौकोनी कापून काढला आणि गोधडीच्या अस्तरावर राहू दिला. निळ्या पट्ट्यांचं ते एक ठिगळच झालं. भाऊसाहेबांना पेशंटची हिरवी पॅंट मिळाली.

साडेअकरा वाजले होते. सिस्टरनं अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली आणि दोघं टॅक्सीत बसले. टॅक्सी सुरू झाल्यावर तिनं हात पुढे केला. "सुई?"

सुई भाऊसाहेबांच्या शर्टाच्या कॉलरला टोचलेली होती. त्यांनी ती काढून दिली. चौदा वर्षांनी सिस्टरनं दोरा ओवला, गोधडीचा कोपरा मांडीवर घेतला आणि राहिलेल्या वीतभर गोटाला टाके घालू लागली. टॅक्सी खड्ड्यांतून उडत होती, ड्रायव्हर वळणं घेत होता, आणि टाके तांदळाच्या दाण्याएवढे पडत होते. भाऊसाहेब नुसते बघत राहिले. छान म्हणावं असं त्यांच्या मनात आलं. मग वाटलं, नुसतं छान म्हणून थांबावं.

"छान," ते म्हणाले आणि थांबले.

"हं," सिस्टर म्हणाली. पण तिचे कान लाल झाले होते.

बाराला पाच मिनिटं असताना गोधडी टेबलावर पोचली. ग्रंथपालबाई नोंद करू लागल्या तेव्हा सिस्टर म्हणाली की माझं एकटीचं नाव नको, चार ओळी यांच्या आहेत, यांचंही लिहा. भाऊसाहेबांनी 'सहकलाकार' या रकान्यात स्वतःच्या हातानं नाव लिहिलं, पुढे वय लिहिलं, सही केली. सही करताना त्यांना भरून आलं होतं, त्यामुळे अक्षर नेहमीइतकं चांगलं आलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बक्षीस समारंभ होता. लेक सकाळच्या गाडीनं मुद्दाम आली. गोधडीसमोर उभी राहिली, पिवळ्या चौकोनावर बराच वेळ बोट फिरवत राहिली, आणि आईला म्हणाली की ही मी नेणार. सिस्टर म्हणाली, ने. आणि असंही म्हणाली की घरी चादरींचे तुकडे बरेच साठलेत, दुसरी एक सुरू करावी म्हणते. भाऊसाहेबांनी हे ऐकलं आणि मान दुसरीकडे वळवली, कारण हेडक्लार्कनं चारचौघांत डोळे पुसलेले बरे दिसत नाहीत.

हातशिलाईच्या गटात सिस्टरला दुसरं बक्षीस मिळालं. टाळ्या सगळ्यांत जास्त भाऊसाहेबांनी वाजवल्या, पट्ट्या बांधलेल्या बोटांनी. तेवढ्यात त्यांचंही नाव पुकारलं गेलं. ते दचकले. लेकीनं ढकललं तेव्हा उठले, शर्टाची कॉलर सारखी केली आणि ताठ मानेनं स्टेजवर चढले. बक्षीस द्यायला एक वयस्कर शिवणबाई होत्या, त्याच परीक्षक. त्या भाऊसाहेबांच्या पलीकडे, खाली कुठेतरी बघत होत्या.

"छोटा कुठाय?" त्यांनी विचारलं.

"कोण छोटा?"

शिवणबाईंनी कागद पुढे धरला. बालगट, उत्तेजनार्थ. त्यांच्या दुसऱ्या हातात रंगीत खडूंची पेटी होती, तिला फुगा बांधलेला. भाऊसाहेबांनी घसा साफ केला आणि हळू आवाजात सांगितलं की काहीतरी घोटाळा झालाय, आपण फॉर्मवर वय स्पष्ट आकड्यांत सत्तावन्न लिहिलं होतं.

शिवणबाईंनी चष्मा वर करून फॉर्म पाहिला, मग भाऊसाहेबांना पाहिलं.

"आम्हाला ते पाच ते सात वाटलं," त्या म्हणाल्या. "टाके पाहिल्यावर कुणाला शंकाच आली नाही."